अंदमानला जाताना स्थानिक गाईड: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

झिरो माईलच्या गावात वाढलेल्या माणसाला समुद्राची सवय नसते. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा नाहीतर पेंचचं धरण, आणि तिथे लाट, ओढ, भरती यांचा संबंध येत नाही. म्हणून अंदमानची सहल ठरली की नागपूरकर हॉटेलबद्दल भरपूर विचारतात, विमानाच्या तिकिटांवर आठवडा घालवतात, पण तिथे सोबत कोण असेल हा प्रश्न शेवटाला येतो. खरं तर तो पहिला हवा. नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले लोक मला जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

नागपूरहून अंदमानला जायचं कसं?

थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढचा प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास आहे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे पहिलं लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले असंच समजा. थोडे पैसे वाचवायचे असतील तर नागपूरहून रेल्वेने एका रात्रीत चेन्नई गाठता येते. हावड्याच्या गाड्याही आपल्याकडूनच जातात. तिथे एक मुक्काम करून सकाळचं विमान घ्यायचं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं सुटतात, पण त्यांना साधारण तीन दिवस लागतात आणि वेळापत्रक पक्कं नसतं. हातात भरपूर रजा असलेल्यांनीच त्या वाटेला जावं.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक आणि नील यांची नावं २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. बोटीच्या तिकिटावर नवी नावं दिसतील, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनीच असतील. गोंधळू नका.

मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्री असतात, तेव्हाच गेलो तर?

बरेच जण पोरांच्या सुट्ट्या बघून मे महिनाच धरतात. तापमानाच्या हिशोबाने मे चालेल, तिथला पारा वर्षभर २३ ते ३१ च्या दरम्यान असतो. पण हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही. आपला कोरडा उन्हाळा आणि कूलर विसरा. शिवाय मेच्या उत्तरार्धात तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोहोचतो, आपल्याकडे तो यायला अजून तीन-चार आठवडे असतात. समुद्र खवळला की बोटी रद्द, पाणी गढूळ, प्रवाळ दिसत नाहीत. माझं मत विचाराल तर जानेवारी ते एप्रिलचा मध्य. मुलांच्या परीक्षांमुळे ते जमत नसेल तर नाताळची सुट्टी, फक्त त्या दिवसांत गर्दी आणि भाडं दोन्ही चढलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ईशान्य मोसमी पावसाची आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांची शक्यता धरूनच जावं.

किती दिवस पुरतात?

सहा रात्री धरा. सुरुवातीला पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील, आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कोणाच्याही सांगण्यावरून काढू नका. नीलहून सकाळची बोट आणि दुपारचं विमान अशी जोडणी कागदावर छान दिसते, पण हवा बिघडली की बंदरातून बोट सुटत नाही आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

परमिट लागतं का?

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, दिगलीपूर वगैरे ठिकाणी परमिट लागत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र घरातल्या प्रत्येकाचं, अगदी लहान मुलांचंही, जवळ हवं. बोटीत बसताना ते बघतात. निकोबारकडची बहुतेक बेटं आणि आदिवासींसाठी राखीव असलेले भाग पर्यटकांसाठी नाहीत. "मी करून देतो जुगाड" म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी पुढचं काहीच ठरवू नका.

गाईड खरंच लागतो का? मोबाईलवर सगळी माहिती मिळते की.

ताडोब्याला मोहर्ली किंवा कोलारा गेटवर जिप्सीत गाईड घेतल्याशिवाय आपल्याला आत सोडत नाहीत, आणि आपणही ते मुकाट मान्य करतो. का? कारण माकडाचा खर्जातला आवाज कानावर पडला की त्याला वाघाची दिशा कळते, आपल्याला नुसतं माकड ओरडल्याचं कळतं. अंदमानच्या किनाऱ्यावर असं गेट नाही. कोणी अडवत नाही, म्हणून गाईडची गरज नाही असं वाटतं. धोका मात्र जंगलापेक्षा तिथे जास्त आहे, कारण जंगलात आपण निदान जिप्सीत बसलेले असतो आणि समुद्रात स्वतः उतरतो.

रोज सात दिवस गाईड घेऊन फिरायची मुळीच गरज नाही. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर संध्याकाळी बसायला, पोर्ट ब्लेअरच्या अबरडीन बाजारात फिरायला कोणी नको. गाईडचे पैसे चार ठिकाणी घाला: सेल्युलर जेल, पाण्याखालची कुठलीही गोष्ट, ओहोटीच्या वेळी प्रवाळांच्या खडकांवरून चालणं, आणि जंगल किंवा खारफुटीतली वाट. पक्ष्यांची आवड असेल तर पाचवं ठिकाण पोर्ट ब्लेअरजवळचं चिडिया टापू. अंदमानी सुतार, अंदमानी सर्पगरुड, अंदमानी कोतवाल असे कितीतरी पक्षी फक्त याच बेटांवर आहेत. ज्याला त्यांचे आवाज पाठ आहेत असा माणूस पहाटे सोबत असला, तर दोन तासांत जे दिसतं ते एकट्याने आठवडाभर फिरून दिसत नाही.

टॅक्सीचा ड्रायव्हरच "मैं सब दिखा दूंगा" म्हणतो. तो पुरेसा नाही का?

रस्त्यासाठी पुरेसा. अनेक ड्रायव्हर मनाने चांगले आणि माहितगारही असतात. तिथल्या वस्तीचा इतिहासच त्यांच्या घरात असतो. कोणाचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले, कोणाचे पणजोबा काळ्या पाण्याची शिक्षा भोगून तिथेच राहिलेले, कोणाचं कुटुंब रांची भागातून जंगलतोडीच्या कामाला आणलेलं, कोणी तमिळ, कोणी तेलुगू, मायाबंदरच्या बाजूला करेनही. सगळ्यांची समाईक बोली हिंदी, त्यामुळे आपल्याला बोलायला अडचण येत नाही. ड्रायव्हरला त्याच्या घराबद्दल विचारा, प्रवास चांगला जाईल.

पोर्ट ब्लेअरबाहेर फिरताना सिप्पीघाट लागला तर त्याला गाडी थांबवायला सांगा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास एक मीटर खचली. तेव्हापासून तिथल्या भातशेतीत खारं पाणी शिरलंय, ते परत गेलेलं नाही. ज्याच्या ओळखीपाळखीत कोणाचं शेत गेलं, तो हे सांगतो तेव्हा तुम्हाला त्सुनामी कळते. त्याच भूकंपात उत्तरेकडची जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडून मेले.

पण पाण्यात उतरवणारा माणूस वेगळा हवा. ड्रायव्हरच्या ओळखीच्या दुकानाचं, ओळखीच्या स्कूबावाल्याचं नाव पुढे आलं, तर त्यात त्याचं कमिशन असतं. त्यात काही गुन्हा नाही, फक्त तुमच्या जिवाचा निर्णय कमिशनवर होऊ देऊ नका.

चांगला गाईड शोधायचा कसा?

आपल्याकडच्या ट्रॅव्हलवाल्याने पॅकेजमध्ये "गाईड समाविष्ट" लिहिलेलं असेल तर लगेच विचारा की कोण, कुठला, कुठल्या दिवशी, किती तास. बऱ्याचदा तो फक्त विमानतळावर पाटी धरून उभा राहणारा प्रतिनिधी असतो. तसा माणूसही उपयोगाचा असतो, पण त्याला गाईड म्हणू नये.

तिथे राहणारा, त्याच बेटावरचा माणूस शोधा. हॅवलॉकचा पोरगा हॅवलॉकचं पाणी ओळखतो, नीलचं नाही. होमस्टेच्या मालकाला विचारा, कारण त्याचं नाव पणाला लागलेलं असतं. पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का ते बघा. स्कूबासाठी प्रशिक्षकाचं पाडी किंवा एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र मागा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, फोटोवर विश्वास ठेवू नका. ते दाखवायला जो खळखळ करतो त्याच्याकडून उठून या.

आणि फोनवर एक प्रश्न जरूर विचारा: "आमच्या तारखांना कुठली गोष्ट करू नये?" जो "सब हो जाएगा साब" म्हणतो त्याला सोडा. जो सांगतो की त्या दिवशी अमावास्या आहे, ओहोटी अमुक वाजता येईल, तेव्हा नीलचा दगडी पूल सकाळीच बघावा लागेल, दुपारी वारा असतो म्हणून स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) आठच्या आत, त्याला धरून ठेवा. चांगला गाईड "नाही" म्हणतो. तुम्ही पैसे द्यायला तयार असताना, तुमचे पाहुणे हिरमुसले असताना, समोरचा दुसरा बोटवाला माणसं भरत असताना तो म्हणतो, "आज नको." त्या "नको"साठीच तुम्ही त्याला नेमलेलं असतं. त्यावर वाद घालू नका, आणि त्या दिवसाचे त्याचे पैसे कापूही नका.

पैशांचं काय? आधी काय काय ठरवून घ्यावं?

दर माणशी आहे की गटाचा, हे पहिलं. मग किती तास, त्यात प्रवेश तिकीट, बोट, वनखात्याचं शुल्क, मास्क-स्नॉर्केल, लाईफ जॅकेट धरलं आहे का. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. थोडा ॲडव्हान्स द्यायला हरकत नाही, पूर्ण रक्कम आधी देऊ नका. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर सरळ गटाचा दर मागा, स्वस्त पडतो.

घासाघीस करायची का? बर्डीच्या बाजारात करतो तशी नको. सगळा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, पावसाळ्यात काम नाही, आणि तिथे भाजीपासून सिमेंटपर्यंत बरंच काही जहाजाने येतं म्हणून महाग. दर जास्त वाटला तर दोन ठिकाणी चौकशी करा आणि ठरवा. जॅकेट कमी करून, माणसं जास्त कोंबून मिळालेली सूट ही सूट नव्हे.

सेल्युलर जेल आम्हाला माहीतच आहे. तिथे गाईड कशाला?

मराठी माणूस तिथे जातो तो सावरकरांच्या कोठडीसाठी. जिने चढतो, दाराशी डोकं टेकवतो, फोटो काढतो आणि खाली येतो. मी त्या भावनेचा मान ठेवतो. पण तेवढंच बघून परतणं म्हणजे त्या वास्तूला अर्धवट भेटणं.

१८९६ ते १९०६ या काळात ती बांधली. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटल्या होत्या, आज त्यातल्या तीन उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कोणी दिसणारच नाही. हे वाचून कळत नाही. गाईड तुम्हाला कोठडीत उभं करतो आणि बाहेर बघायला सांगतो, तेव्हा समोर फक्त भिंत दिसते. मग तो कडीकडे बोट दाखवतो. ती दाराला नाही, बाजूच्या भिंतीतल्या खाचेत आहे, आतून गजांतून हात कितीही लांब केला तरी पोहोचत नाही. हात घालून बघा. विनायक सावरकर १९११ मध्ये तिथे आले तेव्हा त्यांचे मोठे भाऊ बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, आणि तरीही भेट सोपी नव्हती. ती का नव्हती हे त्या कडीजवळ समजतं.

गाईडला बाकीच्यांबद्दल आवर्जून विचारा. उल्हासकर दत्त, ज्यांची छळाने मनःस्थिती ढळली. इंदुभूषण रॉय, ज्यांनी १९१२ मध्ये कोठडीतच जीव दिला. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळी घालून दूध पाजताना गेलेले महावीर सिंह. बटुकेश्वर दत्तही इथेच होते. हा तुरुंग बांधण्याच्याही आधी, मार्च १८५८ मध्ये, १८५७ च्या उठावातले दोनशे कैदी या बेटांवर उतरवले गेले होते. व्हायपर बेटावर शेरअली आफ्रिदीला फाशी झाली, १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारल्याबद्दल. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात यातली फार थोडी नावं येतात. पोरांना घेऊन गेला असाल तर तिथे दोन तास द्या, गाईडला घाई करू नका. तुरुंग कुठल्या दिवशी बंद असतो ते आधी विचारा आणि पोर्ट ब्लेअरचा मुक्काम त्या हिशोबाने आखा.

आम्हाला पोहता येत नाही. स्कूबा करावं का?

करता येतं. नवशिक्यांच्या डायव्हमध्ये एक प्रशिक्षक तुम्हाला पूर्ण वेळ धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. वयाची दहा वर्षं पूर्ण हवीत. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं जुनं दुखणं, गर्भारपण, यातलं काही असेल तर करू नका. फॉर्मवर खोटं "नाही" लिहू नका. नुसती सर्दी झालेली असेल तरीही पुढे ढकला, कारण नाक चोंदलं की कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो.

एका प्रशिक्षकामागे किती जण, हे विचारा. नवशिक्यांसाठी एकास एक हेच उत्तर हवं. उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, तोंडाने श्वास घेणं, हाताच्या खुणा हे शिकवायला अर्धा तास दिलाच पाहिजे. अंगठ्याचा अर्थ तिथे वेगळा असतो. आपण छान म्हणून अंगठा दाखवतो, पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो.

डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नका, पूर्ण दिवस ठेवलात तर उत्तम. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांसारखा बाहेर येऊ शकतो, जिवावर बेततं. स्कूबा सहलीच्या मध्यावर ठेवायचं ते यासाठी.

अंबाझरीजवळच्या किंवा सोसायटीच्या तरण तलावात पोहणाऱ्यांनाही सांगतो, समुद्रातलं पोहणं वेगळं. किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह आला तर त्याच्या विरुद्ध हातपाय मारून दमू नका, किनाऱ्याला समांतर सरका. आणि लाल बावटा असेल तर घोट्यापर्यंतही नको.

नीलला जाण्यासारखं काय आहे? सगळे हॅवलॉकच सांगतात.

ओहोटी. हॅवलॉकचं राधानगर सुंदर आहेच, पण नीलला लक्ष्मणपूरच्या बाजूला जो दगडी नैसर्गिक पूल आहे तिथे पाणी उतरलं की समुद्राचा तळ चालायला मोकळा होतो. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल दहाला होती म्हणून आज दहालाच असेल असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं. भरती परत फिरली की वाट कुठून बंद होते हे फक्त तिथल्या माणसाला ठाऊक असतं.

तिथे गावातली तरुण मुलं गाईड म्हणून उभी असतात. त्यातल्या एकाला सोबत घेतलं होतं. बुटाखाली काय येतंय याकडे त्याचं आमच्यापेक्षा जास्त लक्ष. "पत्थर पे पैर, मूंगे पे नहीं," हे तो दर चार पावलांनी सांगायचा. एका गुडघाभर डबक्याशी थांबून त्याने खाली बघायला सांगितलं. आम्हाला काहीच दिसेना. मग त्याने वरून हाताची सावली पाडली, आणि दगडाच्या फटीतून एक निळी-जांभळी कड झटकन आत गेली. जायंट क्लॅम, म्हणजे भलामोठा शिंपला होता, खडकात रुतून बसलेला. सावली काढली, अर्ध्या मिनिटाने कड हळूच पुन्हा बाहेर. त्याने त्याला बोटही लावलं नाही. पुढच्या डबक्यात समुद्रकाकडी, त्याच्या पुढे काळ्या-निळसर पट्ट्यांचा साप खडकात अंग चोरून. हा साप विषारी असतो, डिवचला नाही तर काही करत नाही. एकट्याने गेलो असतो तर आम्हाला ओले दगड दिसले असते.

जाताना जाड तळव्याचे, पाण्यात चालतील असे बूट घाला. चप्पल निसटते.

मगरी असतात म्हणे?

असतात, खाऱ्या पाण्यातल्या, आणि त्या मोठ्या होतात. २०१० साली राधानगरजवळ मगरीने एका पर्यटकाचा जीव घेतला. खाडीची तोंडं, खारफुटीच्या कडा आणि संध्याकाळची वेळ टाळा. सूचनेचा फलक असेल तर त्या पाण्यात पाय घालू नका, जाळी लावलेली असेल तर जाळीच्या आतच राहा. काही जेट्ट्यांच्या आसपासही दिसतात. स्थानिक माणूस "यहाँ नहीं" म्हणाला की का ते विचारत बसू नका.

बाराटांगला जाताना जारवा लोक दिसतात का?

हा प्रश्न मला आवडत नाही, पण उत्तर देतो कारण तो सगळे विचारतात. बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा पोलिसांसोबत सुटतो. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. आदिवासी संरक्षणाचा कायदा १९५६ पासून आहे आणि २०१२ मध्ये तो अधिक कडक झाला, तुरुंग होऊ शकतो.

कायद्यापेक्षा महत्त्वाचं कारण आजार आहे. शतकानुशतकं वेगळे राहिलेल्या लोकांच्या शरीरात आपल्या साध्या आजारांशी लढायची ताकद नसते. १९९९ आणि २००६ मध्ये जारवांमध्ये गोवर पसरला होता. तुमच्या पोराने खिडकीतून टाकलेल्या बिस्किटाने काय होईल याचा विचार करा. जो ड्रायव्हर किंवा गाईड "जारवा दिखा दूंगा" असं आमिष दाखवतो, त्याच्यासोबत जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. बाहेरच्यांशी संबंधच न ठेवणाऱ्या आदिवासींच्या नॉर्थ सेंटिनेल बेटाबद्दल तर बोलायलाच नको, त्या बेटाच्या भोवतालच्या समुद्रातही जायला बंदी आहे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघण्याजोगे आहेत. खारफुटीतून छोट्या बोटीने जायचं, मग सुमारे दीड किलोमीटर चालायचं. बोटवालाच पुढे गुहेत टॉर्च घेऊन येतो. पहाटे तीन-चारला निघावं लागतं, दिवस दमवतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी हा दिवस वगळून जॉली बॉय किंवा रॉस बेटाला द्यायला सांगेन.

संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, हे खरं का?

हो. पोर्ट ब्लेअर नागपूरपेक्षा साडेतेरा अंशांहून जास्त पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. गाईडला सकाळी सहाला बोलवा, साडेनऊला नाश्ता करून निघणाऱ्याचा निम्मा उजेड वाया जातो.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, साधं. डाळ, भात, पोळी, बटाटा, दक्षिणी पदार्थ सगळीकडे आहेत. सावजीची झणझण शोधू नका. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शहाळी प्या. घरून चिवडा, लाडू, संत्रा बर्फी न्या, बोटीच्या दिवशी उपयोगी पडतात.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

बरंच झेपेल. जेट्टीवरून हलत्या बोटीत पाऊल टाकताना हात धरायला मजबूत माणूस हवा, आणि त्यासाठी गाईड उत्तम. काचेच्या तळाच्या बोटीतून त्यांनाही प्रवाळ दिसतात. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून न्या, निघण्यापूर्वी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. रोजची औषधं दोन दिवसांची जास्त ठेवा. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, लहान बेटांवर प्राथमिक सोयी आहेत.

मुली-मुली जात आहोत. गाईड ठरवताना काही वेगळं?

अंदमान त्या दृष्टीने शांत जागा आहे. तरीही ठरवणं होमस्टे किंवा नोंदणीकृत डायव्ह सेंटरमार्फत करा, त्याचं ओळखपत्र आणि नंबर घरी पाठवून ठेवा, अंधारानंतरच्या निर्जन किनाऱ्याचे बेत टाळा. स्कूबाला महिला प्रशिक्षक हवी असेल तर आधी कळवा.

नेटवर्क, रोख पैसे?

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून पोर्ट ब्लेअरमध्ये चांगलं चालतं. लहान बेटांवर रखडतं. यूपीआय अडकलं की बोटवाला ताटकळतो, म्हणून रोख जवळ ठेवा. ती पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.

गाईडनेच तारामासा हातात दिला, माशांना ब्रेड टाकला तर?

तिथल्या तिथे "नको" म्हणा. बऱ्याचदा तो आपल्याला खूश करायलाच हे करतो, कारण आधीच्या दहा गटांनी ते मागितलेलं असतं. तारामासा फोटोसाठी पाण्याबाहेर धरला की त्याला इजा होते. समुद्राचं पाणी जास्त तापल्याने २०१० आणि २०१६ मध्ये तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते. जे सावरले त्यांच्यावर आपले पाय नकोत. साधी सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. जॉली बॉयला जाताना वांडूरच्या जेट्टीवर प्लॅस्टिकची तपासणी होते, ती गंभीरपणे घ्या.

येताना शंख-शिंपले आणता येतील?

किनाऱ्यावरचे उचलू नका. प्रवाळ, अगदी मेलेला तुकडाही, वन्यजीव कायद्याखाली येतो आणि विमानतळावर सामान तपासताना पकडला जातो. पोराच्या खिशातला तुकडा हा त्याचा हट्ट म्हणून सोडून दिला जात नाही. शंखाच्या वस्तू हव्या असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा.

टिप किती द्यावी? आणि गाईडचा नंबर इतरांना दिला तर चालेल?

टिपचा नियम नाही. काम आवडलं तर द्या, थेट त्याच्या हातात द्या, एजंटकडे नको. बोट चालवणाऱ्या, दोर धरणाऱ्या पोरालाही द्या, त्याला कोणी विचारत नाही. परत आल्यावर ऑनलाइन अभिप्राय लिहिताना फक्त हॉटेलचं कौतुक करू नका, त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहा, कुठल्या दिवशी कशाला नाही म्हणाला तेही लिहा. नंबर देण्यापूर्वी मात्र त्याला विचारा. आपल्याकडे एक नंबर कुटुंबाच्या ग्रुपवर पडला की तिसऱ्या दिवशी त्याला चाळीस फोन जातात, आणि त्यातले निम्मे फक्त भाव विचारून ठेवतात. ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांनाच द्या.